हांसलीआडचा ठिपका

मी एक जुना गॅमा कॅमेरा आहे. मित्रांनो, नाव ऐकून गोंधळू नका. माझ्यापुढे कुणी हसत उभे राहत नाही. परदेशातल्या कारखान्यात मी घडलो आणि यवतमाळच्या एका दवाखान्यात, तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीत माझे आयुष्य गेले. एक जड गोल डोके आणि त्याखाली अरुंद पलंग, एवढाच माझा संसार. रुग्णाच्या शिरेत किरण सोडणारे औषध टोचतात. ते आजारी जागी जमते आणि तिथून निघणारे किरण मी टिपतो.

फिट येणाऱ्यांचे मेंदू मी पाहिले, गळ्याच्या गाठी पाहिल्या. डॉक्टर म्हणत, "हा कधी खोटं बोलत नाही." ऐकून मी फुगत असे. गर्वाचे घर खाली असते, हे मला हंसाबाईमुळे कळले.

हंसाबाई पुसदकडच्या एका तांड्यावरची. चाळिशीतली बाई, पण काठी टेकत आली. रक्तात चुना, म्हणजे कॅल्शियम, वाढलेला, हाडे ठिसूळ, आणि मन असे विझलेले की घरचे तिला कामचोर म्हणत. गळ्यात तांदळाएवढ्या चार ग्रंथी असतात. त्यांतली एखादी माजली की हाडांतला चुना रक्तात ओढते. ती सापडली की काढून टाकता येते आणि माणूस बरे होते. तेवढेच मला शोधायचे होते.

तिच्या गळ्यात चांदीची जाड हांसली होती. धातूआडचे मला दिसत नाही. मला चालवणाऱ्या विमलताई म्हणाल्या, "माय, हे काढा लागते."

हंसाबाईने हांसली मुठीत धरली. "माहा मालक जिता हाय, बाई. गळा उघडा नाही करत मी."

"याडी, थोड्या वेळासाठीच," लेक संगीताने आईला विनवले.

"नाही मंजे नाही."

बाहेर रांग होती, आणि विमलताईंचा स्वभाव मऊ. "राहू द्या. छातीवर सरकवून घेऊ. गळाच तं पाहाचा हाय."

मी गळा नीट पाहिला. तिथे काही नव्हते. खाली एक काळी कमान उमटली. डॉक्टरांनी विचारले तेव्हा विमलताईंनी ती हांसलीची सावली असल्याचे सांगितले. गळ्यात दोष नाही, असा अहवाल गेला. त्या सावलीआड काय आहे ते कुणी विचारले नाही, आणि मला तोंड नाही.

दीड वर्षाने हंसाबाई स्ट्रेचरवर आली. कूस बदलताना मांडीचे हाड मोडले होते. मूत्रपिंडे थकली होती. लेकीचे नावही तिला आठवत नव्हते. गळा मात्र मोकळा होता. तिचा मालक धनसिंग दिवाळीआधी वारला होता आणि रीतीप्रमाणे अंगावरचे सगळे दागिने उतरले होते.

या वेळी मला दिसले. अशी ग्रंथी क्वचित गळा सोडून छातीत दडते. हांसली जिथे टेकली होती नेमके तिथे, छातीच्या हाडामागे, बोराच्या बीएवढा ठिपका लखलखत होता. मला माझ्या डोळ्याची किळस आली.

नागपूरला शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. तोवर ती राहिली नाही.

तेरावे झाल्यावर संगीता कागद न्यायला आली. विमलताई रडत म्हणाल्या, "मीच हट्टानं काढाले लावाले पाह्यजे होती."

"हट्ट कायले, बाई?" संगीता म्हणाली. "हांसली सोनाराकडे दुरुस्तीले देली की आमच्या घरी गळ्यात लाल दोरा बांधते. मंग गळा उघडा नसते. तुमी इचारलं असतं तं सांगतलं असतं. अन् मले तरी तव्हा कुठं सुचलं?"

मित्रांनो, आता माझे सुटे भाग मिळत नाहीत. आठवडेच्या आठवडे मी धूळ खात पडून असतो. शेजारच्या खुंटीवर विमलताईंनी लाल दोऱ्याची रीळ टांगली आहे. दागिना उतरवायला कुणी कचरली की त्या आधी तिला तिच्या घरची रीत विचारतात.

मला पुसा, जपा, असे माझे मागणे नाही. खुशाल भंगारात द्या. फक्त ती रीळ तिथेच राहू द्या. माझ्या जागी येणाऱ्या नव्या यंत्रालाही चांदीआडचे दिसणार नाही.