हिऱ्याला दुसरी नजर

पार्सल बुधवारी दुपारी आलं. मी अंगणात खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो. कुरिअरवाल्याने गाडीवरूनच नाव पुकारलं, डबी हातात ठेवली आणि विचारलं, "आजोबा, काय मागवलं? दवाई हाये का?"

"हिरा हाये."

तो हसला. "मस्करी नका करू. इथं सही मारा."

मी सही केली. तिला वेळ लागतो. लिहायला शिकलो तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो, त्यामुळे माझ्या नावातलं एकेक अक्षर अजूनही वेगवेगळं उभं राहतं. तो गाडी चालूच ठेवून थांबला आणि निघून गेला. मी मस्करी करत नव्हतो हे त्याला कळलं नाही.

तिरोड्याच्या एका राईस मिलमध्ये मी एकतीस वर्षं तांदूळ पारखला. पोत्यात परखी खुपसायची, नळीतून आलेले दाणे काळ्या थाळीत पसरायचे आणि सांगायचं, माल पास की परत. कणी किती, पिवळा दाणा किती, डाग पडलेला दागी किती. मग रंग ओळखणारं मशीन आलं. ते हवेच्या फुंकरीने खराब दाणा उडवून टाकतं आणि चहासुद्धा मागत नाही. मी चोरखमारा तलावाच्या नहराजवळच्या आमच्या गावी परत आलो. तीन वर्षांपूर्वी बायको, जमुनाबाई गेली. मुलगा हिमांशु रायपूरला असतो.

एवढी वर्षं दाणे पाहिले ते सगळे दुसऱ्याचे. मनात होतं की एकदा आपल्या मालकीचा असा दाणा पाहावा, की जो पाहायला माणसं डोळ्याला भिंग लावून बसतात. यंदा बांधावरचे दोन साग विकले आणि पुतण्या विक्कीला म्हटलं, तुझ्या मोबाइलवर सुरतेचा हिरा मागव. अंगठी नको, नुसता खडा. हिमांशुला कळलं तेव्हा त्याचा फोन आला.

"बाबा, अंगठीत बसवून तरी घ्यायचा. नुसता खडा कायले पाहिजे?"

"पाहायले."

"सात दिवसांत वापस घेतात म्हणे. पाहून घ्या आन वापस पाठवा."

"पाहून सांगतो," मी म्हटलं.

डबी उघडण्याआधी मी कोंबड्या खुराड्यात कोंडल्या. चमकणारं काही दिसलं की त्या आधी चोच मारतात. मग पडवीत उत्तरेच्या दाराशी बसलो. माल नेहमी उत्तरेच्या उजेडात पाहायचा. तो उजेड खोटं दाखवत नाही. मिल सोडताना शेठने दिलेली काळी थाळी पुढ्यात घेतली. डबीत एक भिंग होतं, इंग्रजीत छापलेला एक जाड कागद होता आणि औषधाच्या पुडीसारखी घडी घातलेली एक पुडी. पुडीची शेवटची घडी उघडली आणि आत निळसर कागदावर तो बसलेला दिसला.

मसुराच्या डाळीएवढा होता. चुलीजवळ पडला असता तर केरात गेला असता. थाळीत सोडला तर टिक् असा आवाज आला. तांदळाचा असा आवाज येत नाही. मी त्याच्यावर तोंडाची वाफ सोडली. काचेवर वाफ धरून राहते, तशी राहिली नाही, लगेच उडाली. पायातला काटा काढायच्या चिमट्याने त्याला उचलला आणि भिंग डोळ्याला लावलं.

आत काय होतं ते कसं सांगावं? तांदळाच्या दाण्याला पोट असतं, पाठ असते, एक टोक असतं. याला चोहीकडे तोंडंच होती. जरा हलवला की एक तोंड विझायचं आणि दुसरं पेटायचं. दारातली कडुलिंबाची फांदी त्यात आठ-दहा वेळा दिसली, एवढी एवढीशी. मी किती वेळ पाहत राहिलो कोण जाणे, मान अवघडली. आणि मग दिसला तो. बरोबर मधोमध, मुंगीच्या डोक्याएवढा एक काळा ठिपका.

"दागी हाये," मी मोठ्याने म्हणालो.

म्हणालो आणि जीभ चावली. मिलमध्ये आमचा नेम होता की पहिल्याने पाहणाऱ्याने बोलायचं नाही. मी पाहायचो, गप्प बसायचो, थाळी माझ्या जोडीने माल पारखणाऱ्या उदारामकडे सरकवायचो. तो पाहून आपलं मत सांगायचा, मग मी माझं. दोन्ही जुळली तर पोतं आत. नाही जुळली तर भांडण, आणि आमची भांडणं ऐकायला हमाल काम सोडून उभे राहायचे. पहिलं मत कानावर पडलं की दुसरी नजर आंधळी होते, म्हणून तो नेम. एका नजरेवर आम्ही एकही पोतं पास केलं नाही.

आज मी आधी बोललो होतो. पण ऐकायला पडवीत कोणी नव्हतं, म्हणून नेम मोडलाही नव्हता.

संध्याकाळी विक्की आला. त्याने कागद वाचला. कागदावर हिऱ्याचं चित्र होतं आणि त्यात मधोमध लाल शाईची बारीक खूण होती.

"मोठेबाबा, हा ठिपका त्यांनी लिहूनच देला हाये. फसवणूक नाही हे. जमिनीतून निघते त्याच्यात असतेच म्हणे."

"लिहून देला म्हणून दागी दाणा पास होते काय?"

"तो तांदूळ नाही ना, मोठेबाबा!"

मी भिंग त्याच्यापुढे धरलं. त्याने ते घेतलं नाही, मोबाइल काढला आणि चार फोटो घेतले. "फोटोत काही खास चमकत नाही," म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी शेजारची रीना ताक द्यायला आली. तिलाही दाखवला. "छान हाये, आजोबा," ती म्हणाली आणि विचारलं, "कुणाले द्याचा हाये?" कुणाला द्यायचा नाही, मी म्हटलं. ताकाचा रिकामा गंज उचलून ती निघून गेली.

चार दिवस मी सकाळी कोंबड्या कोंडायचो आणि तो पाहायचो. रोज मान अवघडेपर्यंत भिंग खाली ठेवत नव्हतो. पण पाहून झालं की पडवी आणखी मोकळी वाटायची. लिहून दिलेला दाग चालतो की नाही, हे मला कोणाशी तरी भांडून ठरवायचं होतं. तसं भांडणारा माणूस एकच होता. मी मनाशी ठरवलं, उदारामने पाहिला तर पुढचं बोलू. त्याची नजर पडली नाही, तर सातव्या दिवशी परत पाठवायचा. एकट्याने पाहिलेला माल मला ठेवता येणार नव्हता.

सहाव्या दिवशी काळी थाळी आणि भिंग पिशवीत घातलं, पुडी बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि तिरोड्याच्या एसटीत बसलो. रस्ताभर हात खिशावर होता. मळणीचे दिवस, दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले. तिरोडा जवळ आलं तशा वीज कारखान्याच्या चिमण्या दिसू लागल्या. मिल सुटल्यापासून चार वर्षांत आमची भेट नव्हती. मी मनात त्याच्याशी भांडत चाललो होतो. तो हे म्हणेल, मग मी ते म्हणेन.

उदाराम घरापुढे उन्हात खुर्ची टाकून बसला होता. त्याची सून निशा म्हणाली, "मामाजी, पाहा कोण आलं."

"कोण गा?"

"ओळख."

"आवाज तर खेमराजचा हाये. मेला नाही काय अजून?"

"तुझी वाट पाहून राहिलो. तू पुढं होय, मंग मी येतो."

तो खदखदून हसला. मी पिशवीतून थाळी काढली, ती खुर्चीच्या पायाला लागून वाजली. त्याने मान वळवली.

"थाळी आणली काय रे? कोणाचा माल?"

"माझा."

"किती पोते?"

"एक दाणा."

"एका दाण्यासाठी एसटीनं आला? डोक्स्यावर परिणाम झाला काय तुझ्या?"

"हिरा हाये, उदाराम."

तो हळू आवाजात म्हणाला, "जमुनाबाई असती तर तुले घरात घेतलं नसतं." त्याने निशाकडून पाणी मागून हात धुतले, धोतराला पुसले. मिलमध्येही तो माल पाहण्याआधी हात धुवायचा. मला खुर्ची उत्तरेकडे वळवायला लावली. मी हिरा त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने बोटाने चाचपून तो नीट मधोमध आणला आणि भिंग डोळ्याला लावलं.

मी समोर उकिडवा बसलो. जुना नेम, बोलायचं नाही. त्याने हात वर नेला, खाली आणला. तोंडाने च् च् केलं, जसं तो चांगल्या मालाला करायचा. रस्त्याने दोन ट्रॅक्टर गेले तरी त्याचं पाहणं चालूच होतं. आता म्हणेल, आता म्हणेल, 'दागी हाये, खेमराज', आणि मी म्हणेन, 'लिहून देला हाये'.

"साफ," उदाराम म्हणाला.

"पुन्हा एकदा पाहतं काय?"

"कायले? साफ म्हंजे साफ. दाग नाही, काही नाही. पहिल्या नंबरचा माल. पास."

त्याने भिंग खाली घेतलं आणि तोंड माझ्याकडे केलं. ऊन सरळ त्याच्या चेहऱ्यावर होतं. दोन्ही बुबुळांवर पेजेवर धरते तशी पांढरी साय धरली होती. तो माझ्याकडे पाहत होता, पण जरा बाजूला, माझ्या खांद्याच्या वर कुठेतरी.

"आता तू सांग," तो म्हणाला. "काऊन बोलत नाही?"

एकतीस वर्षांत या माणसापुढे मी एकदाही खोटं मत दिलं नव्हतं. त्याच्या सख्ख्या भावाचा माल आला होता तेव्हाही नाही.

"माझंबी तेच," मी म्हणालो. "साफ."

"पाह्य!" त्याने मांडीवर थाप मारली. "निशा, आयकलं काय? मशीन आली, मशीन आली करतात. दोघायचं एकच निघालं." मग तो कितीतरी वेळ बोलत होता. कोणत्या सालचं कोणतं धान, कोणत्या हमालाने कोणतं पोतं लपवलं. मी हो हो म्हणत होतो. मला त्याच्याशी भांडायचं होतं, ते भांडण तसंच पोटात राहिलं.

निघताना म्हणाला, "बुधवारी येजो. नवीन धान निघालं असन, सॅम्पल आणजो. घरी बसून बसून नजर खराब होते माणसाची."

निशा फाटकापर्यंत आली. "काकाजी, मामाजीले आता ताटातली भाजीबी सांगा लागते," ती खालच्या आवाजात म्हणाली. "डॉक्टर आता इलाज नाही म्हणते. पण कोणाले सांगू देत नाही."

"मी कोणाले सांगत नाही," मी म्हणालो.

सातव्या दिवशी हिमांशुचा फोन आला. "वापस पाठवला काय?"

"नाही. पास झाला."

"कोणी पास केला?"

"दोघांनी."

त्याने 'बरं' म्हणून फोन ठेवला. त्याला वाटलं असेल की बाबांचं वय झालं.

नेमाने माल पास झाला होता, म्हणून हिरा घरात राहिला. तेव्हापासून मी दर बुधवारी तिरोड्याला जातो. मंगळवारी दुपारी उत्तरेच्या दाराशी बसतो, शेरभर नवा तांदूळ थाळीत पसरतो आणि निवडतो. कणी काढतो, पिवळा दाणा काढतो, दागी एकही ठेवत नाही. उदाराम तळहातावर घेऊन म्हणेल, साफ, आणि ते खरं असेल. निवडून होईस्तोवर ऊन उतरतं.

हिऱ्यातला ठिपका मात्र निवडून काढता येत नाही. म्हणून तो मी पुन्हा तिकडे नेला नाही. कधीमधी कोंबड्या कोंडून एकटाच पाहतो. ठिपका तिथेच असतो, मधोमध, आणि इकडे तो माझ्याशिवाय कोणाला दिसलेला नाही.