रखमीचा डबा

मुरबाडच्या आमच्या कॉलेजात धान्याची कोठी चालवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मीटिंगमध्ये सगळ्यात मोठ्यानं मीच बोलले होते. "मुलं उपाशीपोटी प्रॅक्टिकलला उभी राहतात आणि आपण त्यांची हजेरी घेतो!" प्राचार्य शांतपणे म्हणाले, "मग नम्रता मॅडम, तुम्हीच बघा." माझी जीभ मला असंच कामाला लावते.

व्यायामशाळेमागची अडगळ उपसली. शिक्षकांनी, बाजारातल्या दुकानदारांनी तांदूळ, डाळ, तेल दिलं. लांबच्या गावांहून येऊन इथं भाड्यानं राहणारी मुलं आधी लाजली, मग येऊ लागली. दोन महिन्यांत कोठी छान चालली आणि मी जरा फुशारलेच.

रखमी वैशाखरे गावाकडची, दुसऱ्या वर्षाला. एकदा प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडली, तेव्हा कळलं की पोरगी सकाळपासून नुसत्या चहावर आहे. मी तिला हाताला धरून कोठीत नेलं आणि कोठीतल्याच एका स्टीलच्या डब्यात गच्च तांदूळ भरून दिले.

सोमवारी ती गावाहून डबा घेऊन आली. आत नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीठ.

"आयनं धाडलंय, मॅडम."

माझं डोकं सटकलं. "अगं, तुमच्याच घरी पुरत नाही ना? ने परत. आम्ही इथं घ्यायला नाही, द्यायला बसलोय."

हे वाक्य बोलताना मला स्वतःचं कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू.

रखमीनं पीठ पिशवीत ओतलं, रिकामा डबा टेबलावर ठेवला आणि गेली. ती पुन्हा कोठीकडे फिरकली नाही. दहा दिवस झाले. वर्गात बसायची ती तोंड सुकवून. तिची मैत्रीण मेघा सांगत आली, "ती कॉलेज सोडायचं म्हनते, मॅडम. उपाशी र्‍हाईन, पन तिथं जायची नाय, असं बोलली."

कॉलेज झाडणाऱ्या गोजाबाई शेजारीच होत्या. त्यांनी केरसुणी खाली ठेवली.

"तू तिला भिकारी केलीस गो बाय. आपल्यात कुनाचा डबा रिकामा धाडतात का? तिनं भरून आनला, तू तो रिता करायला लावलास."

मी शहापूरची. माझ्या आईनं उभ्या जन्मात शेजारणीचं भांडं रिकामं परत केलं नाही. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर टाकायची. आणि मी टेबलाच्या पलीकडे बसल्याबरोबर अक्कल गहाण टाकली. लाज वाटली, चांगलीच वाटली.

कॉलेज सुटल्यावर मी रिकाम्या हातानं रखमीच्या भाड्याच्या खोलीच्या दारात उभी राहिले. ती दचकून उठली.

"रखमी, घरी भाकरीला पीठ नाही गं. थोडं नागलीचं देतेस?"

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मी नजर चुकवली नाही. मग ती आत गेली, स्वतःचा डबा काढला आणि दाबून दाबून पीठ भरलं. झाकण लागेना, तरी वर आणखी एक मूठ घातली. मला इतकं बरं वाटलं की दारातच हसू आलं.

डबा माझ्या हातात देताना तीही हसली.

"उद्या डबा न्यायला कोठीवर येते," ती म्हणाली. "रिकामा नका देऊ हां, मॅडम."