रुख्मिणीच्या लग्नातलं पन्हं

होळी होऊन चार दिवस झाले होते. भातकुलीजवळच्या मळ्यातल्या घराच्या ओट्यावर बसून जयवंताबाई सुईत दोरा ओवत होत्या आणि दोरा काही केल्या जात नव्हता. तरी त्या खुशीत होत्या. फाल्गुन हा त्यांचा लाडका महिना. सकाळी अंगावर पदर ओढून घ्यावासा वाटतो, दुपारी तोच पदर नकोसा होतो. कडुनिंब अंगणभर पानं टाकतो, तीन वेळा झाडलं तरी अंगण तसंच दिसतं, आणि त्याबद्दल सुनेला बोलायची सोय नसते.

चाळीस वर्षं त्यांनी फुलांची टोपली घेऊन अमरावतीचा बाजार केला होता. आता गुडघे ऐकत नव्हते. मळा मुलगा देवानंद आणि सून साधना सांभाळत. जयवंताबाईंकडे दोनच कामं उरली होती, हार ओवायचे आणि बघायचं. दुसरं काम त्या मन लावून करत. यंदा पळस शिवरात्रीच्या आधीच फुलला, हे त्यांनी पाहिलं होतं. शेवंती लवकर आटोपली, मोगऱ्याच्या कळ्या मात्र अजून गव्हाएवढ्याच होत्या. गावातल्या पोरी उन्हात निघताना तोंडाला असा स्कार्फ गुंडाळतात की गाडीवरून हात कोणी केला ते घरी येऊन विचारावं लागतं. आणि लग्नाच्या हारात आता फुलांपेक्षा चमकीच जास्त.

त्या दिवशी अशीच एक स्कार्फवाली गाडीवरून उतरली. स्कार्फ सोडल्यावर आत विशीतली एक हसरी पोरगी निघाली. तिचं नाव करिश्मा. अकोल्याची, अमरावतीत शेतीचं शिकत होती. पूर्वी झाडं कधी फुलायची आणि आता कधी फुलतात, हे तिला म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहायचं होतं. गावात पारावर ती दोन तास बसून आली होती आणि तिच्या वहीची चार पानं एकाच वाक्यानं भरली होती, पहिल्यासारखं काही राहिलं नाही.

"आजी, पहिले कसं होतं?" तिनं विचारलं.

"पहिले म्हनजे कवा? काल बी पहिलेच झालं."

करिश्मा हसली. "तुमचं लग्न झालं तेव्हा."

"माह्या लग्नात मी मान खाली घालून बसली होती. झाडं कोन पाह्यते? माह्या ननंदेच्या लग्नाचं विचार. रुख्मीच्या." जयवंताबाईंनी सुई बाजूला ठेवली. "त्या वर्षी चैत्र अर्धा झाला तरी आंब्याले मोहोर होता. कैरी म्हनून नाई झाडावर. होती थे चण्याएवढी."

करिश्माचा पेन थांबला. "चैत्रात मोहोर? आजी, काहीतरी गफलत होते तुमची. आमचे सर नाही मानणार."

"तुह्या सराचा जन्म झाला होता काय तवा?"

"नसेल झाला. पण साल तरी कोणतं?"

"साल मले काय मालूम? देवानंद झाला त्याच्या दोन वर्षं आधीचं."

"मग दुसरं कोणी सांगणारं आहे का? त्या तुमच्या नणंदबाई?"

आत साधना पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

रुख्मिणी अकोल्याला राहायची, आणि सात वर्षं जयवंताबाईंनी तिचं नाव घरात काढलं नव्हतं. आज कसं तोंडातून निघून गेलं कोण जाणे. सात वर्षांपूर्वी जयवंताबाईंच्या मुलीचं, रूपालीचं, लग्न झालं. भर मांडवात रुख्मिणीनं हार उचलला, नाकाशी नेला आणि चारचौघींत म्हणाली, "वहिनीनं पोरीच्या लग्नाले शिळे हार केले वाटते." अमरावतीच्या बाजारात जिच्या ताज्या फुलांसाठी लोक थांबून राहत, तिला हे तिच्याच मुलीच्या लग्नात ऐकावं लागलं. त्या दिवसापासून येणंजाणं बंद झालं.

"थे नाई सांगनार," जयवंताबाई म्हणाल्या.

"मग हे मी लिहीत नाही आजी. पुराव्याशिवाय नाही चालत." करिश्मानं वही मिटली, चहा घेतला आणि गेली.

दोन दिवस जयवंताबाईंना जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीची साडी काढली.

"कुठं चालल्या, आई?" साधनानं विचारलं.

"अकोल्याले."

"अकोल्याले? काहून?"

"त्या पोरीनं मले खोटं ठरवलं. शनिवारी घरी जातो म्हनत होती, अन् आज शनिवारच हाय. तिच्यासंगंच जातो. लाव फोन तिले."

साधनानं देवानंदकडे पाहिलं. देवानंदनं गाडी बाहेर काढली आणि आईला बडनेरा स्टेशनवर सोडून आला. जयवंताबाईंचे यजमान भगवंतराव गोठ्याजवळ उभे होते. निघताना त्यांना सांगितल्यावर ते नुसतं "बरं" म्हणाले. लग्न झाल्यापासून ते बहुतेक गोष्टींना "बरं"च म्हणत आले होते.

गाडीत खिडकीची जागा मिळाली. करिश्मा शेजारी बसली. बाहेर हरभरा निघालेली काळी रानं, कुठं उपटून रचलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या, मध्येच शेताच्या धुऱ्यावर एकटा पेटलेला पळस. गहू सोंगायला, कापायला आता माणसं दिसत नव्हती, मोठं यंत्र धूळ उडवत एकटंच फिरत होतं. "पंधरा दिवसांचं काम एका दुपारी करते," जयवंताबाई म्हणाल्या. "बरं झालं. गहू सोंगून माही कंबर गेली. मले त्याचं काही दुख नाई." करिश्माला हे पारावरच्या उत्तरांपेक्षा वेगळं वाटलं. तिनं हळूच वही काढली. मूर्तिजापूर येईपर्यंत तिची दोन पानं भरली.

अकोल्यात रुख्मिणीच्या घराचं दार तिनंच उघडलं. केस पांढरे झाले होते, चष्मा जाड झाला होता. ती बघतच राहिली.

"आत ये म्हनतं, का इथूनच विचारू?" जयवंताबाई म्हणाल्या.

"वहिनी... ये ना वो."

रुख्मिणीची सून सीमा पाणी घेऊन आली, आणि सासूच्या तोंडाकडे बघून तिथंच थांबली. जयवंताबाईंनी पाणी घेतलं, पण पाठ टेकली नाही. "मी बसाले नाई आली. ही पोरगी लिहून राहिली. तिले एवढंच सांग, तुह्या लग्नात आंब्याले मोहोर होता का नाई? कैरी नव्हती का नाई?"

रुख्मिणी विचारात पडली. मग तिनं मान हलवली. "कैरी नव्हती कशी? माह्या वरातीले पन्हं पाजलं ना आपन! माही सासू मरेपर्यंत त्या पन्ह्याचं नाव काढत होती. कैरीबिगर पन्हं होते काय?"

करिश्मानं जयवंताबाईंकडे पाहिलं. जयवंताबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. खोटं ठरायचं नव्हतं म्हणून त्या इतक्या लांब आल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर एक जुनं खोटं बाहेर काढावं लागणार होतं.

"थे चिंचेचं होतं," त्या शेवटी म्हणाल्या.

"काय?"

"तुह्या सासरहून सांगावा आला होता, वरातीले पन्हंच पाह्यजे. आपल्या आईनं हो म्हनून टाकलं. अन् झाडावर तर नुसता मोहोर. आई रडाले लागली. मी म्हटलं, मी पाह्यतो. नवी चिंच होती घरात. भिजू घातली, गूळ टाकला, विलायची टाकली. मंग मूठभर मोहोर चुरला अन् फडक्यात बांधून त्याच्यात बुडवून ठेवला. वास आंब्याचा आला पाहिजे ना! आईले म्हटलं, माह्या भावाकडून कैऱ्या आनवल्या. तुह्या भावाले बी नाई सांगितलं."

रुख्मिणी आधी हसली नाही. मग तिच्या पोटातून कुठून तरी हसू उठलं आणि थांबेचना. चष्मा काढून ती डोळे पुसायला लागली.

"एवढी वर्षं, वहिनी! दर उन्हाळ्यात मी कैऱ्या उकडू उकडू मेली. सासू घोट घे अन् म्हने, भातकुलीची चव नाई आली तुह्या हाताले. मले वाटे, मलेच येत नाई. कशी येईन चव? चिंच कुठून येईन त्याच्यात?"

सीमा पदर तोंडाला लावून हसत होती. करिश्मा हसत हसत भराभरा लिहीत होती. जयवंताबाईंनी आता कुठं पाठ टेकली.

हसणं ओसरल्यावर रुख्मिणी एकदम हळू आवाजात म्हणाली, "एवढं माह्यासाठी केलं. मंग हाराचं काहून मनाले लावून घेतलं?"

जयवंताबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "आदल्या दिवशी गारा पडल्या होत्या, रुख्मे. मळ्यात एक फूल धड राह्यलं नाई. कोनाची तरी आदल्या दिवसाची ऑर्डर होती, त्यातले हार उरले होते. थेच घातले. सकाळपासून पानी मारून राह्यली होती त्याच्यावर. पाचशे मानसं आली, कोनाले समजलं नाई. तुले कसं समजलं?"

"मी बी त्याच मळ्यात वाढली ना. नाक हाय मले."

"खरं बोलली म्हनूनच तर राग आला. खोटं बोलली असती तर तिथंच एक ठेवून दिली असती तुह्या पाठीत."

"माह्यं बी चुकलं," रुख्मिणी म्हणाली. "कानात सांगाचं थे मांडवात सांगितलं. मले गारांचं कोनी बोललंच नाई. समजलं असतं तर अकोल्याहून गाडीभर फुलं आनली असती तुह्यासाठी."

तेवढ्यात रुख्मिणीचा मोबाईल वाजला. फोन जयवंताबाईंच्या जवळच पडला होता. त्यांना वाचता येत नव्हतं, पण पडद्यावरचा फोटो ओळखता येत होता. पांढरी टोपी, बारीक मिशी. त्यांनी रुख्मिणीकडे पाहिलं. रुख्मिणी छताकडे पाहू लागली.

"रोज करते काय?" जयवंताबाईंनी विचारलं.

"दुपारी. तू झोपली की मळ्यातून."

जयवंताबाईंनी हिरवं बटन सरकवलं आणि म्हणाल्या, "बोला."

पलीकडे नुसता कुठंतरी पंपाचा आवाज. मग भगवंतरावांचा आवाज आला, "राँग नंबर लागला वाटते." आणि फोन बंद झाला.

ह्या वेळी हसून हसून सीमालाच खाली बसावं लागलं.

राहता राहिलं साल. त्यासाठी सीमा माळ्यावर चढली आणि धुळीनं काळवंडलेला एक पाणी भरायचा पितळी गुंड खाली घेऊन आली. लग्नात मामानं दिलेला. करिश्मानं तो ओल्या फडक्यानं पुसला तेव्हा गळ्याजवळ कोरलेली अक्षरं दिसली, चि. सौ. कां. रुख्मिणीस मामाकडून सप्रेम भेट, १८-४-८२. करिश्मानं गुंडाचा फोटो काढला. मग दोन्ही बायकांना गुंडाच्या दोन बाजूंना बसवून आणखी एक काढला.

"आता मानन काय तुहा सर?" जयवंताबाईंनी विचारलं.

"नाही मानलं तर त्यांना इकडं घेऊन येते," करिश्मा म्हणाली.

संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं ठरलं होतं, पण रुख्मिणीनं पिशवी लपवून ठेवली. जयवंताबाई आठ दिवस राहिल्या. अकोल्याच्या बाजारात दोघी रोज सकाळी जात, काही घेत नसत, फक्त फुलांच्या दुकानांसमोरून हळूहळू चालत आणि कोणाचा झेंडू आजचा, कोणाचा कालचा, ते एकमेकींना सांगत. एका दुकानदारानं शेवटी त्यांना बसायला खुर्च्या दिल्या आणि हळूच विनंती केली, जरा हळू बोला म्हणून.

करिश्माच्या सरांनी मानलं. पूर्ण मानलं नाही. अहवालात त्यांनी लिहायला लावलं की हे एकाच झाडाबद्दल, एकाच वर्षाचं आहे. करिश्मानं ते फोनवर सांगितलं तेव्हा जयवंताबाई म्हणाल्या, "बरोबर हाय त्याचं. मी तरी कुठं म्हटलं सगळ्या झाडाचं?"

पाडव्याला रुख्मिणी भातकुलीला आली. सात वर्षांनी बहीण दारात उभी राहिलेली पाहून भगवंतराव "बरं" सुद्धा म्हणाले नाहीत. ते गोठ्यात गेले आणि बरेच उशिरा तोंड धुऊन बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोगऱ्याचा पहिला तोडा होता. साधना आणि देवानंद पुढच्या ओळीत होते. मागच्या ओळीत दोघी म्हाताऱ्या, गुडघे धरत, एकेक कळी ओंजळीत टाकत चालल्या होत्या. ऊन अजून पिवळं, कोवळं होतं.

"इथं पहिले विहीर होती," रुख्मिणी म्हणाली.

"इथं नाई. त्या कवठाजवळ."

"मी लहानपणी पडली होती तिच्यात, वहिनी. मले नाई मालूम?"

"पडली असशीन. पन इथं नाई."

साधनानं मागं वळून पाहिलं, नवऱ्याकडे बघून डोळा मिचकावला, आणि कळ्या तोडायला लागली.