डाव्या हातातला गज

आवडत्या माणसाचं काम अंगावर आलं की भल्याभल्यांची बोबडी वळते, आणि ही तर मुळातच भित्री. व्हायोलिनवाल्या मास्तरांच्या नव्या अल्बमचं चित्र तुम्हीच काढा, असा फोन आला तेव्हा तिने आधी ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून दिला, आणि मग स्वतःच परत लावून माफी मागितली.

घरी तिला खारू म्हणत. पेन्सिलीची शेंडी खारीसारखी कुरतडायची सवय लहानपणी लागली, ती चाळिशी आली तरी सुटली नाही. मग नाव तरी कसं सुटणार?

मास्तरांचे तिच्यावर मोठे उपकार होते आणि मास्तरांना त्याचा पत्ताच नव्हता. खारू डावखुरी. आईने तिची ती खोड मोडायचा चंगच बांधला होता. पेन्सिल डाव्या हातात दिसली की पाठीत धपाटा. मग एक दिवस शेजारणीकडून मास्तरांची कॅसेट घरी आली. कव्हरवर मास्तरांचा फोटो होता: उजव्या खांद्यावर व्हायोलिन, डाव्या हातात ते वाजवायचा गज, डाव्या गालावर ठसठशीत तीळ. एवढीशी खारू ते कव्हर नाचवत स्वयंपाकघरात गेली.

“आई, हे बघ! हे पण डावरे! आणि किती छान वाजवतात!”

आईने हात पुसले, कव्हर खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिलं. “असं होय,” ती म्हणाली. “मग काढ बाई तुला हव्या त्या हाताने.” त्या दिवसापासून धपाटे बंद झाले.

पुढे त्याच कव्हरावरून गिरवत गिरवत खारू चित्र काढायला शिकली. मास्तर कार्यक्रम करत नसत. चारचौघांसमोर वाजवायचं म्हटलं की त्यांच्या तळहातांना घाम फुटायचा, त्यामुळे त्यांना वाजवताना पाहिलेला माणूस विरळाच. नंतरच्या अल्बमांवर कधी समुद्र, कधी झाड, एकदा तर नुसती खुर्ची होती. खारूच्या लेखी मास्तर म्हणजे तो एकच फोटो.

त्याच फोटोवरून चित्राचं कच्चं रफ तयार करून ती त्यांच्या घरी गेली. दार मास्तरांनीच उघडलं. दोन पायांत दोन रंगांचे मोजे, आणि तीळ उजव्या गालावर. खारूला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. घाबरलेल्या माणसाला स्वतःचं उजवं-डावं आठवत नाही, तिथे दुसऱ्याचं काय आठवणार!

मास्तरांनी चष्मा लावून रफ पाहिलं आणि खो खो हसत सुटले.

“म्हणजे तुम्हीसुद्धा! अहो, मी कसला डावखुरा? छापखान्यात निगेटिव्ह उलटी लागली होती. गठ्ठेच्या गठ्ठे छापून आले, मग कोण फाडतंय? आमची ही म्हणाली, राहू द्या, उलटेच बरे दिसता.”

मग त्यांनी व्हायोलिन डाव्या खांद्यावर टेकवलं, उजव्या हातात गज घेतला आणि त्याच जुन्या कॅसेटमधली पहिली धून वाजवली. जिच्यासाठी जन्मभर कान टवकारले, ती धून खारूच्या हाताभरावर वाजत होती आणि तिचं लक्ष मात्र त्या गजावरच खिळलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते सुरांमुळे, असं मास्तरांना वाटलं, आणि अर्धं ते खरंही होतं.

“या वेळी मला सुलट काढा,” दारापर्यंत सोडायला येत मास्तर म्हणाले. “एकदा तरी सरळ दिसू दे लोकांना.”

घरी आल्यावर खारूचा हात चालेना. सरळ मास्तर काढायला घेतले की रेघ लटपटायची. ज्या पुराव्यावर आपला हात सुटला तो पुरावाच खोटा निघाला, आता कोणत्या तोंडाने पेन्सिल धरायची? वाचणारा म्हणेल, काय हा वेडेपणा, एवढी चित्रं विकली गेली ती काय पुराव्यावर? पण मनाला हिशेब शिकवणारा मास्तर अजून जन्मायचाय. शेवटी एका दुपारी तिने पेन्सिल उजव्या हातात धरून पाहिली. मास्तरांचं नाक बटाट्यासारखं आलं.

शेजारी आई मटार सोलत बसली होती. “उजव्या हाताने काय गं? बरं वाटत नाही का?”

मग खारूला राहवेना. “आई, मास्तर डावरे नाहीत. तो फोटो उलटा छापला होता. मी तुला खोटंच पटवलं.”

“माहितीये मला,” आई म्हणाली.

“कधीपासून?”

“तू आणलास तेव्हापासून. अगं, शर्टाची बटणं उलट्या बाजूला होती त्यांच्या. तुझ्या बाबांची तुटलेली बटणं लावण्यात जन्म गेला माझा, एवढं कळणार नाही?”

“मग बोलली का नाहीस?”

आईने हातातली शेंग तशीच खाली ठेवली. “धपाटा बसला की तू दोन-दोन दिवस चित्रच काढायची नाहीस. कोपऱ्यात हातावर बसून राहायचीस. मला बघवायचं नाही. पण आईने लेकरापुढे चुकलं कसं म्हणायचं? तेवढ्यात तू ते कव्हर घेऊन आलीस.” तिने पदराने डोळे टिपले. “तुझ्या मास्तरांचे उपकार तुझ्यावर नाहीत गं. माझ्यावर आहेत.”

खारू उठून आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. मटार घरभर झाले. दोघींनी ते रांगत रांगत गोळा केले, हसल्याही.

चित्र त्याच आठवड्यात झालं. डाव्या खांद्यावर व्हायोलिन, उजव्या हातात गज, उजव्या गालावर तीळ, पायांत दोन रंगांचे मोजे. पाठवण्याआधी तिने ते आईला दाखवलं. आईने ते खिडकीपाशी नेलं आणि बराच वेळ पाहिलं.

“बटणं राहिली,” ती म्हणाली.

खारूने डाव्या हातातली पेन्सिल टेकवली, आणि आईने जिथे जिथे बोट ठेवलं तिथे एकेक बटण काढलं.