गमबुटांचं विष

दिवाणखान्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. टबातलं नितळ पाणी बघता बघता विटकरी झालं आणि शेजारणी एका सुरात म्हणाल्या, "अगंबाई!"

टबातले पाय थोरल्या सुनेचे होते. अंगातलं विष पायांवाटे काढणारं विजेचं यंत्र घेऊन आलेले शुद्धीमहाराज बोटानं दाखवत होते, "हा फेस हृदयाचा, हा गाळ यकृताचा, अन् हे काळे ठिपके जुन्या काळज्यांचे. डॉक्टरच्या गोळ्या बंद ठेवल्या ना, माउली?"

"चार दिवस झाले, महाराज."

धाकटी चहाचा ट्रे घेऊन दारात जळत उभी होती. आठ वर्षं थोरलीची धडधड घरावर राज्य करत होती. पाच डॉक्टर झाले, सहाव्यानं थायरॉईड शोधला. धाकटीचा नवरासुद्धा फोनवर आधी विचारी, "वहिनींना कसं वाटतंय?" धाकटी तापानं फणफणली तर सासूबाई म्हणत, "गोळी घे, उतरेल."

पण धाकटी धातूवर विजेनं मुलामा देण्याच्या कारखान्यात कामाला होती. यंत्राच्या पाण्यात सोडलेल्या दोन लोखंडी पट्ट्या आणि महाराजांनी टाकलेलं मूठभर मीठ पाहून ती मनात हसली. आज थोरलीचा तोरा उतरणार!

तिनं थोरलीला पाय बाहेर काढायला लावले, टब रिकामा केला, ताजं पाणी ओतलं, मीठ घातलं आणि कारखान्यातले आपले गमबूट त्यात उभे केले.

"अहो, हे काय?" महाराज ओरडले.

"यांचंही विष काढा. गेल्याच आठवड्यात घेतलेत, फार काळज्या करतात."

तिनं बटण दाबलं. पाणी विटकरी झालं. फेस, गाळ, ठिपके, सगळं आलं.

"मिठाच्या पाण्यात वीज सोडली की लोखंड गंजून सुटतं. पायांचा संबंधच नाही."

शेजारणी खो खो हसल्या. महाराजांनी यंत्र गुंडाळलं आणि ते मागच्या दारानं सटकले.

थोरली मात्र पांढरीफटक पडली होती. "म्हणजे सगळं माझ्या मनाचेच खेळ?"

हेच ऐकायला धाकटी आसुसली होती. तिनं थोरलीचं मनगट धरलं. नाडी सुसाट पळत होती. चार दिवस गोळी नाही!

"धडधड खरी आहे, ताई. विष खोटं. चला, आत्ताच डॉक्टरकडे."

"सांभाळून ने गं तिला," सासूबाई म्हणाल्या. धाकटीच्या मनात पुन्हा मत्सराची कळ उठली, पण हात तिनं सोडला नाही.

दुखणं खरं असतं, भीतीही खरी असते. म्हणून तर त्यांना खोटा इलाज देऊ नये. गोळी सोडण्याआधी डॉक्टरला विचारा. आणि चमत्कार दिसला, तर एकदा पाय न घालता यंत्र चालवून बघा.