कुजबुजणारा हॉर्न

सोमवारी वाद्यवृंदाची निवडचाचणी होती, जागा एकच, आणि मी फुंकते त्या जुन्या फ्रेंच हॉर्नचा स्वर बदलायचा व्हॉल्व्ह अडकून बसला होता. म्हणून तेवढ्यापुरता दुसरा मिळतो का बघायला दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. सोबत नणंद, आणि बाबागाडीत नऊ महिन्यांची आमची चिमणी, नुकतीच झोपलेली.

काकांनी तीन बनावटींचे तीन हॉर्न टेबलावर मांडले. "माउथपीस तुमचाच लावा. नाहीतर हॉर्नऐवजी त्याचीच परीक्षा व्हायची."

हॉर्नचा आवाज वाजवणाऱ्याच्या मागे जातो. आपला आपल्याला नीट कळत नाही. नणंदेला मागच्या भिंतीशी पाठमोरी बसवलं, म्हणजे कुठला वाजतोय ते दिसायला नको.

पिवळा हलका होता. ओठ टेकवायचा अवकाश, स्वर हजर. चंदेरी रुंद तोंडाचा. त्यात फुंकर आत जायची आणि कुठेतरी विचार करत बसायची. तांबूस बरा, ना इकडचा ना तिकडचा.

"पहिला गोड गं वहिनी," नणंद म्हणाली. "दुसरा अगदी माझा दादा. हाक मारली की अर्ध्या तासाने 'काय?'"

मीही पिवळ्यावरच बोट ठेवलं. काकांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"घरी रियाज केव्हा करता?"

"ही झोपली की."

"तरीच. तिन्ही अंगाईसारखे वाजवलेत. परीक्षक काय पाळण्यात असणार आहेत?"

मला हसू आलं नाही. नऊ महिने मी कुजबुजत वाजवत होते आणि माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. चाचणीतला शेवटचा उतारा तर पूर्ण जोराचा.

"उठेल ही," मी म्हणाले.

"उठू दे. मी कशाला आलेय?" नणंद म्हणाली.

पूर्ण जोरात पिवळा अर्ध्या वाटेतच पत्र्यासारखा चिरकला. चिमणी रडत उठली. माझा हॉर्न आपोआप खाली आला.

नणंदेने तिला कडेवर घेतलं. "वाजव आता. उठायची ती उठलीच."

तांबूस जेमतेम पुरला. चंदेरीने मात्र दिली तेवढी हवा घेतली, वर आणखी मागितली. खिडकीच्या काचा थरथरल्या. मग त्याच्यावरच अगदी हळू वाजवून पाहिलं, पण श्वास भरपूर घेऊन. या वेळी तो विचार करत बसला नाही.

"हाच द्या. आणि सोमवारपर्यंत रियाजाला तुमची मागची खोली मिळेल?"

"मिळेल. पण शेजारी मी पत्रा ठोकत असतो," काका म्हणाले. "माझ्यावर आवाज चढवावा लागेल."