सोबाचं पाणी

टिल्लू सहा फूट वाढला, पण लहानपणी पडलेलं नाव काही त्याच्याबरोबर वाढलं नाही. त्या रविवारी दुपारी ताईच्या स्वयंपाकघरात तो सारखा कपाळ पुसत होता. बाहेरच्या खोलीत आठ पाहुणे जेवायला बसले होते. त्यातले एक होते निवृत्त पोस्टमास्तर. त्यांच्याबरोबर आलेल्या त्यांच्या मुलीशी त्याला लग्न करायचं होतं आणि पोस्टमास्तरांना तो आज पहिल्यांदाच भेटत होता.

ताई नवऱ्याच्या नोकरीपायी काही वर्षं जपानात राहून आली होती. तिथे खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तिला घरचं साधं जेवण शिकवलं. आंबवलेल्या सोयाबीनचं, म्हणजे मिसोचं सूप, पदर पदर गुंडाळलेलं अंड्याचं ऑम्लेट, मिठात मुरवलेली काकडी. परत आली तर इथे जपानी खाण्याचं वेडच पसरलेलं. आइस्क्रीमपासून केकपर्यंत सगळं माचा, म्हणजे हिरव्या चहाची पूड घालून हिरवंगार. "हे बघून त्या बाई हसून हसून लोळतील," असं म्हणत तिने दर रविवारी घरीच मोजक्या लोकांना जेवू घालायला सुरुवात केली. तिच्या थंड सोबावर लोकांच्या उड्या पडायच्या. सोबा म्हणजे कुट्टूच्या, उत्तरेत उपवासाला खातात त्या पिठाच्या शेवया, बर्फाच्या पाण्यात गार करून सोया सॉसच्या पातळ रसात बुडवून खायच्या.

आणि पोस्टमास्तरांना नेमका कुट्टूच चालत नव्हता. मुलीने दोनदोनदा बजावलं होतं. "कणभरही नको हं. घसा सुजतो त्यांचा, श्वास अडकतो."

म्हणून ताईने त्यांच्यापुरत्या गव्हाच्या जाड शेवया, उडोन, सकाळी वेगळ्या ओट्यावर स्वतः लाटून कापल्या होत्या. बाहेर जाता जाता ती म्हणाली, "उडोनला दुसरं पातेलं घे. पाणी नवीन घे. कळलं ना?"

"कळलं गं ताई."

दुसऱ्या पातेल्यातलं पाणी अजून कोमटच होतं. पलीकडे सोबा काढून घेतलेलं पाणी मात्र खळखळ उकळत होतं. बाहेरून पोस्टमास्तरांचा आवाज आला, "आमच्या वाटणीचं जपानहून निघालंय का अजून?" सगळे हसले. टिल्लूला घाम फुटला. सासरेबुवांना पहिल्याच दिवशी ताटकळत ठेवायचं? एवढ्या उकळत्या पाण्यात काय शिल्लक राहतंय, असं स्वतःला सांगत त्याने उडोन त्याच पाण्यात सोडल्या.

पोस्टमास्तर आडव्या बांध्याचे, बोलायला खमके. आधी वाडग्याकडे संशयाने बघत राहिले, मग एक घास घेतला, मग रस भुरकून प्यायले.

"अहो, हे तर घरचं जेवण निघालं! मला वाटलं कच्चा मासा पुढ्यात येतोय."

ताई खुलली. मुलीने टेबलापलीकडून टिल्लूकडे बघून भुवई उडवली. जिंकलास, असा त्याचा अर्थ. टिल्लूने ऑम्लेटची बशी पुढे सरकवली. पोस्टमास्तरांनी तीही संपवली.

मग त्यांनी मान खाजवली. थोड्या वेळाने पुन्हा. घसा खाकरला, पाणी प्यायले.

"बाबा, काय होतंय?"

"काही नाही. ते वाडग्याच्या कडेचं हिरवं जपानी तिखट नाकात गेलं."

त्यांचा आवाज जाड झाला होता. वरचा ओठ एका बाजूला फुगला होता. मुलगी उठून त्यांच्याजवळ गेली. पर्समधून तिने इंजेक्शनचं पेन काढलं, ते नेहमी तिच्याजवळ असायचं. पण वडिलांनी तिचा हात ढकलला.

"उगाच टोचू नकोस. मागे तसंच केलंस आणि छाती दोन दिवस धडधडत होती. चारचौघांत तमाशा नको."

तिने ताईकडे बघितलं. "शेवया कशाच्या होत्या?"

"गव्हाच्या. मी स्वतः केल्यात," ताई म्हणाली. मग तिची नजर टिल्लूकडे वळली. "पाणी नवीनच घेतलं होतंस ना रे?"

टिल्लू दाराच्या चौकटीला धरून उभा होता. हो म्हणायला फक्त मान हलवायची होती. खरं सांगितलं तर ही मुलगी उठून जाईल, कायमची जाईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. कदाचित ते तिखटच असेल. कदाचित आत्ता उतरेल. सगळे त्याच्याकडे बघत होते. पोस्टमास्तरांच्या छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज यायला लागला.

"टिल्लू!" ताई ओरडली.

"सोबाच्याच पाण्यात उकडल्या," तो म्हणाला. "कुट्टूच आहे. टोच. टोच लवकर!"

मुलीने पेनाचं टोपण काढलं. वडिलांच्या मांडीवर कापडावरूनच पेन रोवलं आणि दाबून धरलं. ताईने अँब्युलन्सला फोन लावला. टिल्लूने खाली जाऊन फाटक उघडलं आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, गाडी चुकायला नको म्हणून. वर काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं. खिडकीतून फक्त ताईचा आवाज येत होता, "काका, माझ्याकडे बघा. बसूनच राहा. श्वास घ्या."

हॉस्पिटलमध्ये त्यांना आणखी एक इंजेक्शन द्यावं लागलं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आल्या. धोका टळलाय, पण रात्रभर इथेच ठेवू, म्हणाल्या. टिल्लू बाकावर बसला.

मुलगी समोर उभी राहिली. "किती वेळ गप्प होतास रे?"

"माहीत नाही. थोडाच वेळ."

"मला खूप वाटला."

"मला वाटलं, सांगितलं तर तू जाशील."

"आणि नसतं सांगितलंस तर बाबा गेले असते." ती एवढंच बोलली आणि आत गेली.

सकाळी पोस्टमास्तरांनी त्याला बोलावून घेतलं. ओठ अजून सुजलेला होता. टिल्लू हात जोडून काही बोलणार, तोच ते म्हणाले, "माफीबिफी नको. आणि लग्नाचं आत्ता विचारू नकोस. रागात दिलेलं उत्तर मला नंतर बदलता येत नाही. घरी गेल्यावर बोलावीन तेव्हा ये."

ताईने रविवारचं जेवण बंद ठेवलं. ज्यांनी नावं दिली होती, त्या प्रत्येकाला तिने फोन करून कारण सांगितलं. टिल्लूशी ती चार दिवस कामापुरतंच बोलली. पाचव्या दिवशी त्याच्या ताटात भात वाढताना म्हणाली, "चूक माझीही आहे. ते काम मी दुसऱ्याच्या हाती सोडायला नको होतं." यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं, असं त्याला वाटलं.

महिना होत आला तेव्हा बोलावणं आलं. दार पोस्टमास्तरांनीच उघडलं. ते बारीक झाले होते, पण आवाज पहिल्यासारखाच खणखणीत.

"ये. चपला तिथे काढ. जेवायची वेळ आहे, जेवूनच जा."

मुलगी ओट्याशी होती. तिने मान वर केली नाही, पण पानं तीन मांडलेली दिसली.

टिल्लू बसला. पोस्टमास्तर हातात पळी घेऊन त्याच्यासमोर उभे राहिले.

"तुला काही चालत नाही असं आहे का रे? आमच्याकडे आधी विचारतो आम्ही."

"नाही, काका," टिल्लू म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

"मग जेव पोटभर," ते म्हणाले आणि त्याच्या ताटात वाढायला लागले.